होळीनंतरचं गुलमर्ग: भाड्याच्या स्की, प्रशिक्षक, गोंडोला, पैसे कुठे वसूल होतात

इकडे गळीत हंगाम संपत येतो, तिकडे गुलमर्गमध्ये स्कीचा हंगामही आटपायला लागतो. कोल्हापूरकरांना सवड मिळते ती नेमकी याच दिवसांत, होळी ते गुढीपाडवा. तेव्हा हॉटेलं जानेवारीच्या मानाने मोकळी असतात, स्कीच्या दुकानात दोन-तीन जोड बूट घालून बघता येतात आणि प्रशिक्षक भावाची बोलणी ऐकून तरी घेतो. एवढं सगळं पथ्यावर पडूनही बरेच जण वैतागून परततात. कारण या दिवसांत नीट स्की करता येईल असा बर्फ रोज साधारण तीन तास मिळतो आणि भाडं मात्र पूर्ण दिवसाचं द्यावं लागतं. तेव्हा भाड्याचा सेट, प्रशिक्षक आणि गोंडोला (डोंगरावर नेणारा रोपवे) यांची इथली पारख त्या तीन तासांतल्या उपयोगावरच आहे.

आधी बर्फ. हंगामाच्या शेवटी दिवसा उन्हाने वरचा थर वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. असं चार-पाच दिवस लागोपाठ झालं की बर्फाचे बारीक कण एकमेकांना धरून ज्वारीच्या दाण्याएवढे गोल होतात. चांगलं कढवलेलं तूप थिजल्यावर जसं रवाळ दिसतं, तसाच हा बर्फ दिसतो आणि त्याच्यावरून घसरण्याइतकं सोपं दुसरं काही नाही. पण तो रवाळपणा टिकतो थोडा वेळ. सकाळी आठला उतार शहाबादी फरशीसारखा टणक असतो. स्कीच्या कडा नुसत्या खडखडतात, नवशिका पडला तर कोपर सोलून निघतं. साडेनऊ-दहाला वरची इंच-दीड इंच जागा सैल होते आणि खाली पाया घट्ट राहतो. ही खरी वेळ. साडेबारा-एकपर्यंत सगळं पाणचट होतं, स्की रुतायला लागते, वळताना गुडघ्यावर ओढ येते. दुपारच्या या गाळात अडकलेली स्की जोर लावून वळवण्याच्या नादात गुडघे दुखावतात.

उद्याचा बर्फ कसा असेल हे आज रात्रीच्या आकाशावरून कळतं. आकाश मोकळं असेल तर बर्फातली ऊब वर निघून जाते आणि हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी पृष्ठभाग गोठतो. ढग असतील तर ते गोधडीचं काम करतात. बर्फ गोठतच नाही आणि सकाळी नऊलाच चिखल असतो. म्हणून झोपण्याआधी बाहेर येऊन चांदण्या दिसतात का ते बघा. चांदण्या दिसल्या तर सकाळी घाई नको, साडेनऊला उतारावर पोहोचलं तरी चालतं. ढग दिसले तर उद्याचा सेट बुकच करू नका, किंवा अर्ध्या दिवसाचं भाडं ठरवा. उतारावर गेल्यावर स्की न घालता नुसत्या बुटाने दाबून बघा. टाच एक-दोन इंच जाऊन थांबली तर उत्तम. घोट्याच्या वर पाय जातोय असं दिसलं की त्या दिवसाचं काम संपलं, मग घड्याळात अकरा वाजलेले का असेनात.

आता भाड्याचा सेट. बाजारातली दुकानं स्की, बूट, पोल (हातातल्या काठ्या) आणि मागितलं तर हेल्मेट असा संच देतात. यातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू बूट, आणि सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं तेही बुटाकडेच. दुकानातला पोरगा विचारतो, "कितने नंबर का जूता?" तुम्ही सांगता आठ, तो जोड फेकतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. हे चालू देऊ नका. स्कीच्या बुटाचं माप तळव्याच्या सेंटीमीटरमधल्या लांबीवर असतं. कोल्हापुरातून निघण्याआधी घरीच टाच भिंतीला लावून उभे राहा आणि दोन्ही पायांची भिंतीपासून अंगठ्याच्या टोकापर्यंतची लांबी मोजा. २६.५ आली तर २६.५ चाच बूट मागा. २८ चा बूट "आरामदायक" म्हणून गळ्यात मारायचा प्रयत्न होतो, कारण तो घालायला सोपा जातो आणि दुकानदाराची पाच मिनिटं वाचतात.

माप खरं आहे का ते असं तपासा. आतलं मऊ अस्तर बाहेर काढा, नुसत्या प्लास्टिकच्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे बोट घालून बघा. एक ते दोन बोटं जागा राहिली तर माप बरोबर. तीन बोटं गेली तर जोड परत द्या. मग अस्तर परत घालून, टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा आणि बकलं लावा: आधी घोट्यावरचं, मग वरची दोन, पंजाजवळचं सगळ्यात शेवटी आणि नुसतं टेकवण्यापुरतं. उभं राहिल्यावर बोटं पुढे किंचित टेकली पाहिजेत; गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की ती मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. अशा बुटात दिवसभर बोटं पुढे आदळतात आणि दोन दिवसांनी अंगठ्याचं नख काळं पडतं.

आपल्याकडच्या सवयीने "वापरून वापरून सैल होईल" असं समजू नका. कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस चावते, मग तेल पिऊन पायाची होते. स्कीच्या बुटाचं कवच तसं पायाचं होत नाही आणि भाड्याच्या बुटातलं अस्तर आधीच शेकडो पायांनी दाबून गेलेलं असतं. दुकानात जिथे टोचतं, तिथे डोंगरावर जास्त टोचणार.

तालमीत बैठका मारून पोटऱ्या कमावलेल्यांची अडचण वेगळी. पंजा बसतो पण वरची बकलं एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. अशा वेळी मोठा नंबर घेणं ही चूक. बकल ज्या दातेरी पट्टीत अडकतं ती पट्टी बऱ्याच बुटांत बाहेरच्या भोकांत सरकवता येते, आणि मागच्या बाजूला आत बसवलेला प्लास्टिकचा तुकडा स्क्रू काढून वेगळा करता येतो. एवढ्याने पोटरीला चांगली जागा मिळते. दुकानदाराकडे पेचकस असतोच, फक्त सांगावं लागतं.

मोजे एकच घाला, पातळ आणि गुडघ्यापर्यंतचे. दोन जाड मोजे घातले की रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गारठतात. पायजम्याची किंवा थर्मलची कड बुटात जाऊ देऊ नका; तिची घडी नडगीवर तासाभरात वळ उठवते. हंगामअखेरची खास तक्रार म्हणजे ओली अस्तरं. दुपारी बर्फाचं पाणी बुटात जातं, रात्री ते वाळत नाही आणि सकाळी तोच जोड पुढच्याच्या हातात येतो. हात आत बोटांपर्यंत घालून बघा, ओल लागली की दुसरा मागा. वासावरूनही कळतं म्हणा.

स्कीचं तसं नाही, तिथे थोडं उन्नीस-बीस चालतं. नवशिक्याने उभी धरल्यावर हनुवटी ते नाक यांच्या मध्ये टोक येईल एवढी लांबी घ्यावी. रुंदीकडे मात्र बघा. गुलमर्गची ख्याती जानेवारी-फेब्रुवारीतल्या भुसभुशीत बर्फाची, त्यामुळे दुकानांत मधल्या भागाला शंभर मिलिमीटरहून रुंद स्की पुष्कळ असतात. त्या दिसायला भारी, पण सकाळच्या टणक उतारावर कडेवर उभ्या करायला जड जातात. मार्चअखेर शिकणाऱ्याने ७५ ते ८५ मिलिमीटरच्या मागाव्यात. हा आकडा बहुतेक स्कीवर छापलेलाच असतो. कडेवरून नखाची पाठ हलकेच ओढा. नख किंचित खरवडलं तर धार आहे. नुसतं घसरलं तर टणक बर्फावर तुम्हीही तसेच घसराल. वरवरचा गंज चालतो, खोल खड्डे नकोत.

बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्याच्या, बाबतीत संकोच करू नका. पडल्यावर बूट स्कीपासून सुटावा म्हणून पुढे आणि मागे एक-एक आकडा लावलेला असतो. तो ठरतो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि तुम्ही किती सराईत यावरून. तळाची लांबी बुटाच्या टाचेजवळ कोरलेली असते, साधारण ३०५, ३१५ अशी. मध्यम बांध्याच्या नवशिक्याचा आकडा बहुधा ४ ते ६ च्या घरात येतो. वय पन्नास किंवा जास्त असेल तर तक्त्यात एक पायरी कमी धरतात. दुकानदाराने यातलं काहीच न विचारता स्की हातात दिली तर आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच आहे असं समजा. आकडा जास्त असेल तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि पीळ गुडघ्याला बसतो. कमी असेल तर साध्या वळणावरच निघून जाते. वजन खरं सांगा, तिथे चार किलो लपवून काही मिळत नाही. आणि बूट बदलला तर बाइंडिंग नव्याने लावून घ्या. तळाची लांबी वेगळी असली की मागचा भाग पुढे-मागे सरकवावा लागतो. तो तसाच राहिला तर आकडा बरोबर असूनही सुटका बरोबर होत नाही.

वॅक्सबद्दल, म्हणजे स्कीच्या तळाला लावायच्या मेणाबद्दल, दुकानं हमखास टाळाटाळ करतात, आणि हंगामअखेरीला नेमकी त्याचीच गरज. ओल्या बर्फावर स्कीच्या तळाखाली पाण्याचा थर साठतो आणि ओली काच काचेला चिकटावी तशी ती धरली जाते. झाडाच्या सावलीतून उन्हात आलात की स्की एकदम करकचून थांबते, शरीर पुढे जातं आणि माणूस तोंडावर पडतो. तळ पांढरट, कोरडा दिसत असेल तर वॅक्स उडालेलं आहे. उबदार बर्फाचं वॅक्स लावून मागा. बऱ्याच कंपन्यांचं ते पिवळ्या रंगाचं असतं. नाहीच मिळालं तर घरची साधी पांढरी मेणबत्ती खिशात ठेवा. तळ कोरडा पुसून टोकापासून शेपटापर्यंत घासायची आणि बुचाने किंवा हातमोज्याने रगडायची. तासभर पुरते. उपाय गावठी आहे, पण मेणबत्ती आणि स्कीचं साधं वॅक्स दोन्ही पॅराफिनच.

हवेचं सांगायचं तर गगनबावड्याला एका दिवसात ऊन, धुकं, सर सगळं बघितलेल्यांनाही इथे नवल वाटेल. गुलमर्गचा बाजार २,६५० मीटरवर आहे, गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला सुमारे ३,०८० मीटरवर पोहोचवतो आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर ३,९५० मीटरच्या आसपास. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे बाजारात ८ अंश असताना वर शून्याच्या आतबाहेर. त्यात या दिवसांत पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळं, एकामागोमाग एक येत असतात. आपला वळीव जसा दुपारचा उकाडा वाढला की येतो, तसा इथला अंदाज वाऱ्यावर करतात. शिखराच्या कडेवरून बर्फाची धूळ उडताना दिसली किंवा वरच्या खांबांवर ढग टेकले की तासा-दोन तासांत बर्फ किंवा खाली पाऊस. उघडा कडा आधी वाऱ्याच्या तोंडी सापडतो, म्हणून गोंडोलाचा दुसरा टप्पा आधी बंद होतो, पहिला बऱ्याचदा चालू राहतो.

ढग उतरले की सगळ्यात आधी दगा देते ती नजर. उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या जातात, खड्डा आणि उंचवटा एकसारखे पांढरे दिसतात. अशा वेळी वरच्या उघड्या उतारावरून खाली या आणि देवदारांच्या जातीची झाडं जिथे सुरू होतात तिथे स्की करा. काळ्या खोडांमुळे जमिनीचा अंदाज येतो. भाड्याचे गॉगल ओरखड्यांनी भरलेले असतात, ते घेण्यात अर्थ नाही. स्वतःचा न्या, आणि शक्यतो दोन काचांचा: उन्हासाठी एस-३, ढगासाठी पिवळट किंवा गुलाबी एस-१. एस-३ मधून फार तर १८ टक्के उजेड आत येतो. ढगात ती काच लावणं म्हणजे रात्री काळा चष्मा लावून बुलेट चालवणं. गॉगल कपाळावर चढवू नका, घामाने आतून धुकं धरतो. धरलंच तर आतली बाजू पुसू नका, तिच्यावरचा लेप निघतो. वाऱ्याला धरून वाळवा.

ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, त्यामुळे नाकाखाली, हनुवटीखाली आणि कानामागेही एसपीएफ ५० लावा, दर दोन तासांनी. डोळे उघडे ठेवले तर त्रास लगेच कळत नाही. संध्याकाळी हॉटेलात डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

कपड्यांचं थोडक्यात. सुती बनियन नको. खालच्या तंगमर्ग गावात भाड्याने मिळणारे लांब केसाळ कोट आणि गमबूट फोटोपुरते. स्कीसाठी ते निरुपयोगी, पाणी पितात आणि दुपारपर्यंत दुप्पट जड होतात. आपला पावसाळी रेनकोट बाहेरचं पाणी अडवतो, पण आतला घामही अडवतो. त्यापेक्षा काखेत चेन असलेलं, पाणी अडवण्याचं रेटिंग १०,००० मिलिमीटर किंवा जास्त असलेलं जॅकेट बरं. पँट तर जलरोधकच हवी, कारण नवशिक्याचा निम्मा वेळ बुडावर जातो. हातमोज्यांचे दोन जोड न्या. दुपारी पहिला पिळून पाणी काढण्याच्या लायकीचा झालेला असतो.

गोंडोलाचं परीक्षण टप्प्याटप्प्याने वेगळं करावं लागेल. १९९८ पासून चालू असलेला पहिला टप्पा हंगामअखेरीला पैसे वसूल करून देतो: कोंगडोरीला बाजारापेक्षा बर्फ जास्त टिकलेला, खाली उतरायला रुळलेली वाट, शिवाय मेरीज शोल्डर या वरच्या उताराकडे जाणारी चेअरलिफ्ट (खुर्च्यांचा रोपवे). पहिल्या दोन दिवसांच्या नवशिक्याला मात्र गोल्फ मैदानाजवळचे सौम्य उतारच पुरे. दुसरा टप्पा २००५ पासूनचा. वरून दिसणारा देखावा कितीही मोठा असला तरी स्की घेऊन वर जाण्याचं काम शिकाऊचं नाही. वरचा उतार यंत्राने दाबलेला नसतो, आणि दुपारच्या ऊबेत ओला बर्फ सुटून खाली येण्याचा धोका वाढतो. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडत, मागे रेघा सोडत येताना दिसले की ती सूचना समजा. २०२४ च्या फेब्रुवारीत अफरवटच्या बाजूला हिमस्खलनात एका परदेशी स्कीअरचा जीव गेला. वर जाणाऱ्या प्रत्येकाकडे बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं, ते वापरता यायला हवं, आणि स्की पेट्रोलची, म्हणजे उतारांवरच्या सुरक्षा पथकाची, त्या दिवसाची सूचना वाचलेली हवी. दोघांत एक बीकन म्हणजे शून्य बीकन. तिकिटं ऑनलाइन काढायची असतात, दोन्ही टप्प्यांची वेगवेगळी. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. म्हणून तिकिटाचा कागद छापून सोबत ठेवलेला बरा.

पैसे घालायचेच तर प्रशिक्षकात घाला. नोंदणीचं ओळखपत्र मागून बघा आणि ठरवताना तीन गोष्टी आधी बोलून घ्या: किती तास, किती जण, लिफ्टचं तिकीट कोणाचं. एका प्रशिक्षकामागे चार जण ठीक. आठ झाले की तुम्ही निम्मा वेळ रांगेत उभे. चांगला प्रशिक्षक पहिला अर्धा तास पडणं आणि उठणं शिकवतो, मग पुढची टोकं जवळ आणि शेपट्या लांब करून थांबणं, आणि त्यानंतरच वळणं. पहिल्या वीस मिनिटांत लिफ्टवर बसवणारा सोडून द्या. पवित्रा आखाड्यातल्यासारखाच: गुडघे मोडलेले, हात पुढे, वजन पंजाकडे. भीतीने माणूस मागे रेलतो आणि मागे रेललं की स्कीची पुढची टोकं ऐकत नाहीत. कुस्ती खेळलेली पोरं हे पटकन उचलतात.

खाण्याची ददात नाही. सकाळी नून चहा (खारट काश्मिरी चहा) आणि गिरदा (तंदुरी रोटी), वर कहवा (केशर-वेलचीचा चहा). नऊच्या आधी तांबड्या रश्श्याची आठवण काढू नका. उंचीवर पोट आधीच नाजूक असतं आणि बुटासकट शौचालयाचे जिने उतरणं हा वेगळा साहसी खेळ आहे.

सेट परत करायची वेळ आधी विचारून ठेवा आणि दुपारी दोनलाच परत करून मोकळे व्हा. घेताना स्कीच्या तळाचे आणि कडांचे फोटो काढलेले असले की उघड्या पडलेल्या दगडांचे ओरखडे तुमच्या नावावर लागत नाहीत. मार्चअखेर बाजारालगतच्या उतारांवर असे दगड जागोजागी वर आलेले असतात. अनामत म्हणून मूळ आधार कार्ड मागितलं तर झेरॉक्स द्या, मूळ कार्ड हॉटेलात ठेवा. आणि दोन्ही बूट एकाच नंबरचे परत जाताहेत ना ते बघा, कारण गर्दीत एक २६.५ आणि एक २७.५ असा जोड तुम्हाला सकाळीच मिळालेला असू शकतो.